नर्सबाईंचे अकरा मसुदे

कूलरमध्ये नवं गवत भरून त्यावर पहिल्यांदा पाणी सोडलं की एक ओलसर, किंचित आंबूस वास घरभर पसरतो. आमच्याकडे एप्रिल लागला की हा वास येतोच. शेजारणींना त्यानं गार वाटतं. मला तो नको होतो. यंदाही परवा आईनं कूलरचं बटण दाबलं, पंख्यानं गवताच्या दोन-चार काड्या बाहेर फेकल्या आणि मी उठून स्वयंपाकघरात गेले, उगाच ओट्यापाशी उभी राहिले. त्या उन्हाळ्यात आमच्या ऑफिसातल्या कूलरला असंच नवं गवत भरलेलं होतं.

ऑफिस औरंगपुऱ्यात, शाळेचे गणवेश विकणाऱ्या दुकानाच्या वर, दुसऱ्या मजल्यावर. जिना इतका अरुंद की वरून कुणी येत असेल तर खालच्यानं थांबायचं. त्या दिवसांत खाली गणवेशाची गर्दी सुरू व्हायची होती. दुकानदार दुपारी गठ्ठ्यांवरच आडवा व्हायचा आणि कोऱ्या कापडाचा वास जिन्यानं आमच्यापर्यंत यायचा. आम्ही पाच-सहा माणसं तिथं एक साइट चालवत होतो. कुणालाही मराठीत लिहून स्वतःच्या नावानं प्रसिद्ध करता यावं, एवढाच तिचा हेतू. मोठे लेखक आमच्याकडे नव्हते. जालन्याचे एक मास्तर गणिताच्या गमती लिहायचे. वैजापूरच्या एक बाई लोणच्यांवर लिहायच्या, पण दर लोणच्यात एक नणंद यायचीच. आणि पाचोडच्या नर्सबाई होत्या.

नर्सबाई म्हणजे सुलोचना साळवे. आरोग्य उपकेंद्रात नोकरी करून निवृत्त झालेल्या. पैठण तालुक्यातल्या गावोगावी त्यांनी बाळंतपणं केली होती आणि आता त्या एकेका बाळंतपणाची गोष्ट लिहीत होत्या. लिहीत म्हणजे सांगत. काचबिंदूनं नजर अधू झालेली, म्हणून फोनला बोलून सांगायच्या आणि फोन ते टाइप करायचा. त्यामुळं त्यांच्या लेखांत पूर्णविराम नसायचे. एका दमात बैलगाडी, पाऊस, कंदील, बाळाचं डोकं आणि चहा. मी ते वाचताना माझाच दम लागायचा.

माझं काम तपासण्याचं. साइटमध्ये काही नवं केलं की सगळं नीट चालतंय ना, ते हातानं करून बघायचं. नवं खातं उघडायचं, लेख लिहायचा, फोटो लावायचा, मसुदा जपून ठेवायचा, पुन्हा उघडायचा, प्रसिद्ध करायचा, फोनवर कसा दिसतो ते बघायचं, मग पुसायचा. ‘कऱ्हाड’ आणि ‘वाऱ्यावर’ हे शब्द तर मी इतक्या वेळा टाइप केले असतील, की अर्ध्या ‘र’चं ते वळण बोटांना आपोआप येतं, कारण मोडलं तर तेच आधी मोडायचं. एवढं सगळं तपासायला दोन दिवस लागायचे. तोवर इम्रान आणखी काहीतरी बदलून ठेवायचा आणि मी पुन्हा पहिल्यापासून.

इम्रान आमचा प्रोग्रामर. माझ्यापेक्षा बारा वर्षांनी लहान, पण मला शिकवताना कधी उसासा टाकला नाही. मार्चमध्ये तो म्हणाला, “मॅडम, ये सब तुमच्या हातानं कायको? मशीनला सांगू. ते करंल.”

म्हणजे ऑटोमेटेड टेस्ट. मी जे हातानं करते ते सगळं आधी कोडमध्ये लिहून ठेवायचं, मग प्रोग्रामच ब्राउझर उघडतो, टाइप करतो, बटणं दाबतो आणि शेवटी सांगतो की काय चाललं आणि काय मोडलं. चाललं ते हिरवं, मोडलं ते लाल. वयाच्या एक्केचाळिसाव्या वर्षी मी कोड लिहायला शिकले. पहिली टेस्ट चालली तो क्षण मला अजून दिसतो. माझे हात मांडीवर आणि पडद्यावर कुणीतरी अदृश्य बाई माझ्यासारखीच अक्षरं टाइप करतेय, ‘कऱ्हाड’ सुद्धा बरोबर. मला हसू आलं आणि थोडी भीतीही वाटली. हिला सगळं येतं, तर उद्या माझं काय? पण आनंद जास्त होता. इम्राननं खालून उसाचा रस मागवला.

या टेस्टसाठी त्यानं साइटची एक नक्कल करून ठेवली होती. दिसायला हुबेहूब खरी, पण तिच्यात काही केलं तरी बाहेर कुणाला कळायचं नाही. टेस्ट संपली की शेवटी झाडलोट व्हायची. प्रोग्राम व्यवस्थापक म्हणून आत शिरायचा आणि लेख-मसुद्यांची एकच यादी, कचरापेटीत न टाकता, एकेक करून कायमची पुसायचा, म्हणजे पुढच्या वेळी पाटी कोरी. ही झाडलोट मी लिहिली होती. इम्राननं मला फक्त कसं लिहायचं ते दाखवलं. ओळी माझ्या होत्या.

एप्रिल संपता संपता एका लेखकाची तक्रार आली, फोटो आडवा दिसतो म्हणून. नकलेवर तो सरळच दिसत होता. म्हणून मी सेटिंगमध्ये नकलेचा पत्ता काढून खऱ्या साइटचा टाकला, फक्त फोटोची टेस्ट चालवून बघितली, कारण कळलं, आणि तेवढ्यात आईचा फोन आला.

“पाणी आलंय. तुझ्या कपड्याची बादली भिजवू का?”

आमच्या गल्लीत नळाला किती दिवसांनी पाणी येतं हे इथल्या माणसाला सांगायला नको. पाणी आलं की घरात लग्न असल्यासारखी धावपळ असते. मी म्हटलं, भिजव, टाकी आधी भर, वरची मोटर लाव. फोन ठेवला. कूलरचा वारा थेट तोंडावर येत होता. पत्ता परत बदलायचा राहिला. जेवायच्या आधी सगळ्या टेस्ट एकदा चालवून ठेवू, असं म्हणून मी बटण दाबलं आणि डबा उघडला.

सगळं हिरवं येत गेलं. शेवटी झाडलोट सुरू झाली. पडद्यावर लेखांची यादी वरून एकेक ओळ कमी होत होती, नव्याकडून जुन्याकडे. पोळीचा घास तोंडात होता. यादीत एक नाव वर सरकलं, सुलोचना साळवे, आणि नाहीसं झालं. मला वाटलं, नकलेत नर्सबाई कुठून आल्या? मग पुन्हा तेच नाव. पुन्हा. मग पत्त्याच्या चौकटीकडं नजर गेली.

मी लॅपटॉपचं झाकण आपटून बंद केलं. नंतर इम्रान म्हणाला, ते केलंत म्हणून जुनं वाचलं. पण त्या क्षणी मी तेही विचार करून केलं नव्हतं. विस्तवावरून हात काढावा तसं झालं. घास तसाच तोंडात.

इम्रान माझा चेहरा बघून उठून आला. “क्या हुआ? कायपे चलाए?”

मी खऱ्या साइटचं नाव घेतलं. त्यानं खुर्ची ओढली, बसला आणि स्वतःचा लॅपटॉप उघडला. त्यानं शिवी दिली असती तर बरं वाटलं असतं.

मला वाटलं, बॅकअप आहे. रोज पहाटे साइटची एक प्रत आपोआप वेगळी काढून ठेवली जाते, हे आम्हा सगळ्यांना माहीत होतं. इम्राननं तिथं जाऊन पाहिलं. शेवटची प्रत संक्रांतीच्या आठवड्यातली. त्यानंतर जागा भरली म्हणून प्रत काढणं थांबलं होतं आणि कुणी बघितलं नव्हतं. तपासणं हे ज्या ऑफिसात माझं काम, तिथं हे कुणी तपासलं नव्हतं. म्हणजे मीच तपासलं नव्हतं.

ऑफिसचे मालक काळे सर शांत माणूस. त्यांनी डोळे मिटून सगळं ऐकलं आणि विचारलं, “कुणाकुणाचं गेलं?”

पुढचे दोन दिवस मी फोन करत होते. खिडकीला ओलं पोतं लावलेलं, दुपारी फोन इतका तापायचा की कानाला चटका बसायचा. माझं नाव सांगायचं, काय झालं ते सांगायचं आणि लिखाण दुसरीकडं कुठं आहे का ते विचारायचं. बहुतेक जण आधी वहीत किंवा कॉम्प्युटरवर लिहून मग आमच्याकडे चिकटवायचे. जालन्याचे मास्तर म्हणाले, “आहे माझ्याकडं, पाठवतो.” लोणच्यावाल्या बाईंनी मलाच धीर दिला. एकेक नाव खोडत गेले. शेवटी एकच उरलं. नर्सबाईंनी संक्रांतीनंतर लिहायला सुरुवात केली होती आणि त्यांच्याकडे वहीही नव्हती आणि कॉम्प्युटरही. त्या फोनला सांगायच्या, ते थेट आमच्याकडे यायचं. आमच्यावर विसंबून.

इम्रानला सुचलं, की लेख प्रसिद्ध झाला की त्या लेखकाच्या वाचकांना तो ईमेलनं जातो, त्यांच्याकडे असेल. नर्सबाईंचे एकोणीस वाचक होते. बहुतेकांनी पुसून टाकले होते. एक मात्र छावणीत राहणारे निवृत्त कंडक्टर निघाले. मी भर उन्हात त्यांच्याकडे गेले. बनियनवर बसले होते, मला बघून शर्ट घालून आले.

“मी काय पुसत नसतो,” ते म्हणाले. “बाईंचं तर नायच. माझ्या मंडळीचं पहिलं बाळंतपण त्यांनीच केलेलं.” सव्वीसच्या सव्वीस लेख त्यांच्या फोनात होते. ते एकेक पाठवत राहिले आणि मी त्यांच्या पत्र्याच्या शेडखाली बसून रडले. त्यांच्या मिसेसनी तांब्याभर पाणी आणून ठेवलं.

मला वाटलं, सुटले. ऑफिसात परत आले तर इम्रान पडद्याकडं बघत होता. नर्सबाईंच्या पानावर एका कोपऱ्यात आकडा तसाच राहिला होता. मसुदे, अकरा. प्रसिद्ध न केलेलं लिखाण. ते कुणाला ईमेलनं गेलेलं नव्हतं.

“गिनती रह गई,” तो हळू म्हणाला. “माल गया.”

काळे सर म्हणाले, एक पत्र पाठवू, तांत्रिक कारणास्तव काही मजकूर उपलब्ध नाही, दिलगीर आहोत. त्यांनी ते लिहूनही दिलं. मी ते तीनदा वाचलं. त्यात कुठंही माणूस नव्हता, ना पुसणारा, ना ज्याचं पुसलं गेलं तो. मी म्हटलं, मी पाचोडला जाऊन येते.

आडूळ सोडलं की रस्त्याच्या दोन्ही बाजूला मोसंबीच्या बागा लागतात. त्या वर्षी बऱ्याच बागा वाळलेल्या. उभ्या झाडांच्या नुसत्या करड्या काटक्या. बसमध्ये बाजाराला निघालेल्या बायका, पायांत कोंबड्या, खिडकीतून भट्टीसारखी हवा. मी आदल्या दिवशी फोन करून फक्त एवढंच सांगितलं होतं, की साइटकडून येतेय. त्याहून जास्त बोलायला जीभ रेटली नाही.

नर्सबाई दारात उभ्या होत्या. पांढरी, खळ घातलेली साडी. शेजारची एक बाई आली होती. भिंतीवर बाबासाहेबांच्या फोटोला ताजा हार, आणि आतून पोह्यांचा वास.

“जयभीम. ये ये. फोटो काढायचा आसंल ना माझा? म्हून जरा बरी साडी नेसले,” त्या म्हणाल्या.

त्यांना वाटलं होतं, सत्कार आहे.

मी शेजारच्या बाईसमोरच सगळं सांगितलं, नाहीतर सांगणं झालंच नसतं. नर्सबाई माझ्या आवाजाच्या दिशेनं मान वळवून ऐकत होत्या. मधेच त्यांनी विचारलं, “म्हंजे ते मशीन माणसावाणी लिहितं, अन् मंग पुसतं?”

“व्हय.”

“अन् त्याला कळत नाय, आपलं कोणतं अन् दुसऱ्याचं कोणतं.”

“त्याला नाही कळत. मला कळायला पाहिजे होतं.”

शेजारच्या बाई उठून घरी गेल्या. मग नर्सबाईंनी विचारलं, “तू वाचले होते का ते अकरा?”

“नाही. मसुदे आम्ही वाचत नाही.”

“मंग कुणीच नाय वाचलं.”

मी विचारलं, काय होतं त्यात. विचारायला नको होतं, पण न विचारता तिथून उठणं त्याहून वाईट वाटलं.

“अकरा बाया होत्या,” त्या म्हणाल्या. “माझ्या हातात गेल्या त्या. सगळ्या नोकरीत अकराच, पर गेल्या. रजिस्टरात एक ओळ लिहायची आसती. नाव, वय, रक्तस्राव. बास. ती बाई काय बोलत होती, कुणाला हाक मारत होती, ते कुठं लिहिणार? ते मी फोनला सांगितलं. पर त्यांची लेकरं हायेत अजून. एकेकीच्या घरी जाऊन आधी वाचून दाखवायचं, मंगच छापायचं, आसं माझं ठरलेलं.”

मी म्हटलं, मी वही आणते. तुम्ही सांगा, मी हातानं लिहिते. लागतील तितके दिवस येते.

त्या हसल्या, पण ते हसणं माझ्यासाठी नव्हतं. “एकदा सांगायला मला चाळीस वर्षं लागली, पोरी.”

मग त्या उठल्या, भिंत चाचपत आत गेल्या आणि दोन ताटल्या घेऊन आल्या. “मी माफ केलं आसं काय म्हणणार नाय. राग हाय मला. लई हाय. पर पोहे केलेत ते खा.” मी खाल्ले. तिखट होते आणि माझ्या डोळ्यांतून पाणी येत होतं, त्याला ते कारण पुरलं.

काळे सरांनी मला काढलं नाही. काढावं असं मला वाटत होतं. उलट त्यांनी टेस्टचं सगळं काम माझ्याकडंच ठेवलं, म्हणाले, “आता तुमच्याइतकं जपून कुणी करणार नाही.” आता प्रत्येक टेस्ट आधी स्वतःच बघते, की ती नकलेवर आहे ना, आणि खरी साइट दिसली तर जागीच थांबते. झाडलोट फक्त स्वतः लिहिलेलंच पुसते. बॅकअप दर आठवड्याला उघडून, लेख वाचून बघितला जातो. तो मीच वाचते. टेस्टची संख्या तेव्हापेक्षा कितीतरी वाढली आहे, रोज सकाळी चालतात, रोज हिरव्या येतात. ऑफिसात नवीन आलेली मुलं हिरवा रंग बघून चहाला जातात. मला त्या रंगाचा भरवसा वाटत नाही. त्या दिवशीही सगळं हिरवंच होतं.

त्या वर्षी थंडी पडल्यावर नर्सबाईंचा फोन आला. “वही घिऊन ये. एकीचं सांगते.”

मी तीनदा गेले, तीन बाया लिहून घेतल्या. त्या डोळे मिटून सांगायच्या, मधेच थांबायच्या, चिडायच्या. “पयल्यांदा सांगितलं तवा नीट आलं होतं. आता तसं येत नाय.” चौथ्या वेळी गेले तर त्या अंथरुणावर होत्या. म्हणाल्या, “बाकीच्यांचं तोंडापत्तुर येतं, पर मला फोनला सांगितलेलं आठवतं, ती बाई आठवत नाय.” मग म्हणाल्या, “ते तीन तरी तू वाचून दाखीव त्यांच्या घरी. मला आता जाववत नाय.” फाल्गुनात त्या गेल्या.

पहिल्या घराचा पत्ता आडूळच्या अलीकडच्या एका गावातला निघाला. त्या बाईचा मुलगा आता चाळिशीचा, फाट्यावर पंक्चरचं दुकान चालवतो. मी कोण, कशासाठी आले, ते सांगितलं. त्यानं हात पुसले आणि टायरवर बसला. मी वही उघडून वाचायला लागले. पौषातली थंडी होती, बाई अडली होती, नर्सबाई सायकलवरून आल्या होत्या. त्यांनी पोटाला हात लावला तशी ती बाई म्हणाली, “हात लई गार हायेत ओ तुमचे. चुलीवर शेकून या, मंग लावा.” नर्सबाई चुलीपाशी हात शेकून आल्या. बाळ नीट झालं. मग रक्त थांबलं नाही.

मी शेवटपर्यंत वाचलं. फाट्यावरून ट्रक जात होते. तो खाली बघत होता.

“आई आशी बोलायची व्हय?” तो म्हणाला. “मला कुणी सांगितलंच नव्हतं. फोटो हाय, पर बोलायची कशी ते कुणीच सांगत नाय.” थोड्या वेळानं म्हणाला, “ते हाताचं परत वाचा.”

मी परत वाचलं. त्यानं आणखी एकदा वाचायला लावलं.

बाकीची दोन घरंही मी केली. उरलेल्या आठ बायांची नावं मला माहीत नाहीत, गावं माहीत नाहीत. त्यांची लेकरं कुठंतरी असतील, त्यांच्याही भिंतीवर फोटो असतील. आपल्या आईचं बोलणं कुणीतरी लिहून ठेवलं होतं, हे त्यांना कधी कळणारही नाही. ते पुसलं गेलं, हे मला एकटीला माहीत आहे.